लाल कंदील आमच्या घरी कसा आला

सायकलच्या शर्यतीत शेवटी येणाऱ्याला हार घालतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं गार्डबाबा थट्टा करतायत. गार्डबाबा म्हणजे आमच्या अंबरनाथच्या वस्तीतले रेल्वेचे रिटायर गार्ड. सगळं आयुष्य मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलं त्यांचं. रिटायर झाल्यावर त्यांनी घरी केबल घेतली आणि दिवसभर खेळाचं चॅनल लावून बसायला लागले. क्रिकेट लावतील तर शप्पथ. त्यातच त्यांनी ती फ्रान्समधली सायकलची मोठी शर्यत बघितली, तीन तीन आठवडे चालणारी, डोंगर चढून जाणारी. मग विहारात मंडळाची मीटिंग होती, यंदा सव्वीस जानेवारीला काय करायचं म्हणून, तर हे उठून म्हणाले, आपण सायकलची शर्यत ठेवू. पहिल्याला काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण शेवटच्याला लाल कंदील द्यायचा.

सगळे हसले. मी जास्तच हसले, कारण मला हसायची सवय.

मग त्यांनी नीट समजावलं. म्हणाले, गाडीच्या शेवटच्या डब्याला लाल दिवा असतो की नाही? तो कशाला असतो? गाडी पुढे गेली की स्टेशनवरचा माणूस तो दिवा बघतो. दिवा दिसला म्हणजे गाडी पुरी आली, एकही डबा मागे सुटलेला नाही. नाही दिसला तर लाईन बंद, दुसरी गाडी सोडायची नाही. तिकडे त्या शर्यतीत शेवटच्या सायकलवाल्याला ह्याच दिव्याचं नाव देतात. तो शेवटचा, पण तो आला म्हणून शर्यत पुरी झाली. लोक त्याच्यासाठी रस्त्यात थांबतात, टाळ्या वाजवतात.

आणखी एक गोष्ट सांगितली त्यांनी. इटली म्हणून देश आहे, तिथल्या शर्यतीत पूर्वी शेवटच्याला काळी बंडी द्यायचे. आणि त्या काळ्या बंडीचा मान एवढा, की काही गडी ती मिळावी म्हणून वाटेत कुठे गोठ्यात लपून बसायचे, सगळे पुढे जाईपर्यंत. आम्ही बायका म्हणालो, बाबा, काळं काही नको, तुमचा कंदीलच बरा. ती लपून बसण्याची गोष्ट तेव्हा नुसती गंमत वाटली होती. पुढे तीच माझ्या कामाला आली, आणि कशी आली ते सांगायलाच मी हे लिहायला घेतलंय.

हे साधारण दोन हजार तीन-चार सालचं. गार्डबाबांनी उल्हासनगरच्या जुन्या बाजारातून एक कंदील शोधून आणला, लोखंडी, जाड लाल काचेचा, त्यांच्या नोकरीत असायचा तसाच. शर्यत शिवमंदिराजवळच्या मैदानातून निघायची, बदलापूर ओलांडून वांगणीपर्यंत जायची आणि तिथून परत. साधीच सायकल हवी, गिअरवाली चालणार नाही. कारण भाग घेणारे सगळे आनंदनगरच्या कंपन्यांत कामाला जाणारे, दूधवाले, पेपरवाले. ज्यांच्याकडे जी होती ती सायकल.

माझी ड्युटी बदलापूरच्या पुढे, वांगणीच्या रस्त्याला. एका चिंचेखाली टेबल, पाण्याचे दोन पिंप, लिंबाचं सरबत आणि एक वही. जाताना आणि येताना प्रत्येक नंबरापुढे खूण करायची. मी शाळा चौथीपर्यंतच शिकले, पण वही माझ्याकडे दिली होती, कारण मी बोलते खूप पण लक्ष माझं पक्कं असतं, असं गार्डबाबाच म्हणाले होते. पक्कं लक्ष. हे शब्द नंतर फार टोचले मला.

पहिल्या वर्षी शेवटी आला उल्हासनगरचा सिंधी कटपीसवाला. सायकलला कपड्याचं गाठोडं बांधून आमच्या गल्लीत यायचा तोच. त्याला वाटलं होतं लोक हसतील. बेंजोवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली, गळ्यात हार पडला, हातात कंदील आला, तर तो मला म्हणतो, "भाभी, पीछे से तो मैं पहला आया ना?" वर्षभर त्याने तो कंदील दुकानात टांगला. पुढच्या सव्वीस जानेवारीला कंदील परत आणला तो असा लखलखीत घासून, काच पुसून, नवी वात घालून, की गार्डबाबांना राहवेना. त्यांनी तिथेच जाहीर केलं, आजपासून हीच रीत. आधीच्याने कंदील घासूनपुसून आपल्या हाताने नव्या माणसाच्या हातात द्यायचा.

दुसऱ्या वर्षी दोन टवाळ पोरांनी मुद्दाम उशीर केला. बदलापूरला वडापाव खात बसले, शेवटी यायचं म्हणून. बेंजो आपल्यासाठी वाजावा एवढाच उद्योग. गार्डबाबा संतापले. म्हणाले, शेवटचा डबा गाडीला जोडलेला असतो, तो कुठे बसून राहत नाही. जो मुद्दाम थांबेल तो बाद. आणि ह्याच्यावर लक्ष टेबलवाल्या बायकांनी ठेवायचं. ती पोरं बाद झाली. मग शेवटची कोण, तर ती.

तिचं नाव मी लिहीत नाही. आमच्या मागच्या गल्लीत राहायची. पस्तिशीची असेल. नवरा गेलेला, एक मुलगी शाळेत, आणि ही आनंदनगरला एका कंपनीत पॅकिंगला. नवऱ्याची मोठी दांड्याची सायकल होती, तीच चालवत कामावर जायची. ओढणी कमरेला बांधायची आणि टांग टाकून बसायची. आता खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते, की त्या सायकलवरून तिच्याबद्दल नळावर काय काय बोलणं व्हायचं. विधवा बाई, पुरुषाची सायकल, सेकंड शिफ्ट. बोलणाऱ्यांत मी नव्हते असं नाही.

शर्यतीत ती एकटीच बाई. शेवटी आली, पण एकदाही न उतरता आली. कटपीसवाल्याने कंदील तिच्या हातात दिला आणि बेंजो तिला घेऊन सगळ्या गल्ल्यांतून फिरला. ती खाली बघून चालत होती, मुलगी मात्र पुढे उड्या मारत होती. त्या दिवसानंतर बोलणं बदललं. नळावर तिला जागा मिळायला लागली. पूर्वी तिला पॅकिंगवाली म्हणायचे, ते आता शर्यतवाली म्हणायला लागले. रोज दिवेलागणीला ती दारात कंदील लावायची. लाल उजेड पडायचा गल्लीत आणि लहान पोरं त्याच्याखाली बसून काहीतरी खेळायची. एका कंदिलाने तिला वस्तीत मान दिला, हे मी डोळ्यांनी बघितलं. म्हणूनच मला तो हवासा झाला.

माझ्यासाठी नाही. आमच्या ह्यांच्यासाठी.

ह्यांची कंपनी त्याच्या आदल्या वर्षी बंद पडली होती. सव्वीस वर्षं सायकलने गेले आणि आले, एक दिवस उशीर नाही. मग एके दिवशी गेटला कुलूप. त्यानंतर हे दाराच्या पायरीवर बसायला लागले. सायकल जिन्याखाली, टायर बसलेले. बोलणं कमी झालं, मग जवळजवळ बंद. मी दोघांचं बोलायचे. पण त्या दिवशी बेंजो आमच्या दारावरून गेला ना, तर हे पायरीवरून उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. घरात येऊन म्हणाले, शेवटच्याला पण विचारतात की गं. एवढंच म्हणाले. मी तेव्हाच मनात ठरवलं की पुढच्या वर्षी बेंजो ह्यांच्यासाठी वाजायला पाहिजे. ह्यांचा गुडघा दुखरा, दम लागायचा. पहिले येणं शक्यच नव्हतं. पण शेवटी यायला काय लागतं, असं मला वाटलं.

वर्षभर मी मागे लागले. हे नाहीच म्हणत होते. शेवटी तीच एकदा कामावरून येताना आमच्या दाराशी थांबली आणि सायकलवरूनच म्हणाली, "काका, यंदा या की तुम्ही. मला मागे कोणीतरी नको का?"

हे हसले. कित्येक महिन्यांनी हसले. दुसऱ्या दिवशी सायकल जिन्याखालून बाहेर काढली, पंक्चर काढून आणलं, चेनला तेल घातलं. रोज सकाळी शिवमंदिरापर्यंत जाऊन यायला लागले. मी तिचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. मला वाटलं, माझ्या सांगण्याने नाही निघाले आणि हिच्या एका शब्दाने निघाले.

तर ती तिसरी शर्यत.

सकाळी झेंडावंदन झालं आणि सायकली सुटल्या. आम्ही टेम्पोने आधीच चिंचेखाली पोचलो होतो. जाताना सगळे गेले. हे शेवटून तिसरे, ती शेवटून दुसरी, आणि सगळ्यात मागे एक दूधवाला, त्याने वांगणीला सायकल टाकली आणि लोकलने परत गेला. येताना पहिले पहिले आले, सरबत पीत निघून गेले. वहीत खुणा भरत गेल्या. तो दूधवाला सोडला तर दोनच नंबर राहिले, ह्यांचा आणि तिचा.

चिंचेखालून पुढचा रस्ता सरळ दिसतो, थेट लांबच्या ओढ्यावरच्या मोरीपर्यंत. बऱ्याच वेळाने मला मोरीजवळ दोन सायकली दिसल्या. एक माणूस कठड्यावर बसलेला, ते आमचे हेच. आणि ती खाली वाकलेली. मग हे उठले, सायकलवर बसले आणि निघाले. ती मात्र निघाली नाही. सायकल धरून उभीच राहिली. हे अर्ध्या रस्त्यात आले तरी ती तिथेच.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. गोठा. इटलीतला तो गोठा. मला वाटलं, ही ह्यांना पुढे काढतेय. मुद्दाम. कंदील सोडवत नाही हिला.

हे टेबलापाशी आले, थांबले नाहीत. घामाने शर्ट चिकटलेला, पण तोंडावर काय तेज होतं. हात वर केला आणि गेले. माझ्याबरोबरच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मी वाजवल्या नाहीत. मी वही हातात धरून मोरीकडे बघत होते.

दहा मिनिटांनी ती आली. सायकल झाडाला लावली आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "काकू, थोडं पाणी ओता हातावर."

तिचे हात मनगटापर्यंत काळे होते. चेनच्या तेलाने काळे. नखांतसुद्धा. मी तांब्याने पाणी ओतलं. ती माती घेऊन घासत होती आणि पाणी काळं होऊन खाली जात होतं. दोन तांबे ओतले तरी पुरतं निघालं नाही. मी विचारलं, "मोरीपाशी थांबली होतीस का गं?"

"हो, थांबले जरा," ती म्हणाली. हात ओढणीला पुसले, अर्धा ग्लास सरबत प्याली आणि निघाली.

सव्वीस वर्षं मी सायकलवाल्या माणसाच्या घरात काढली. चेन पडली आणि चढवली की हात कसे होतात ते मला माहीत नाही, असं कोण म्हणेल? ह्यांचे असेच हात मी किती वेळा राखेने घासून दिलेत. पण मी विचारलं नाही की कोणाची चेन पडली. तिची स्वतःची सायकल तर ठणठणीत दिसत होती. मी काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

टेम्पोत सामान चढवलं. वाटेत टेम्पोने तिला मागे टाकलं, मग ह्यांना. मी मैदानात दोघांच्याही आधी पोचले. गार्डबाबा हार घेऊन तयार होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की ती मोरीपाशी मुद्दाम थांबली, मी बघितलं, आणि मी विचारलं तर ती स्वतःच म्हणाली, थांबले म्हणून.

ह्यात एक शब्द खोटा नव्हता, मुद्दाम एवढा सोडून.

गार्डबाबांनी मला उलटं विचारलं नाही. वही माझ्याकडे होती ना. ती आल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, तू मोरीपाशी थांबली होतीस? ती म्हणाली, हो. त्यांनी विचारलं, कशाला? तिने एकदा आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे तोवर खुर्चीत बसले होते, लोक पाणी देत होते, पाठीवर थाप मारत होते. मग ती म्हणाली, "असंच." एवढ्या लोकांत एका माणसाला रस्त्यात दम लागला, त्याला चेन चढवता येईना, हे तिला सांगायचं नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं. नंतर नाही, तेव्हाच.

तिला बाद केलं. आणि रीत म्हणून कंदील तिनेच ह्यांच्या हातात दिला. आदल्या दिवशी घासून ठेवलेला, काच अशी स्वच्छ की आरपार दिसावं. ह्यांना काही समजेना. हे म्हणत होते, अहो ही माझ्या मागे होती. पण बेंजो सुरू झाला, त्यात कोण ऐकतंय. पेढे वाटले, गल्लीगल्लीतून फिरवलं. मला पाहिजे होतं ते सगळं झालं. मी पुढे चालत होते. आमच्या दाराशी आलो तेव्हा ह्यांच्या तोंडावर सकाळचं ते तेज नव्हतं.

घरात आल्यावर ह्यांनी कंदील खाली ठेवला आणि विचारलं, तिला बाद का केलं? मी म्हटलं, मुद्दाम थांबली म्हणून. हे म्हणाले, "माझी चेन पडली होती. माझे हात थरथरत होते, तर तिने चढवली. आणि म्हणाली, काका, तुम्ही निघा, मी सावकाश येते, मागे कोणी लागलंय असं वाटायला नको तुम्हाला. तिचे हात बघितले नाहीस तू?"

मी म्हणाले, "नाही."

हे लगेच चप्पल घालून गार्डबाबांकडे निघाले होते. मी दारात आडवी झाले. म्हटलं, आता पेढे वाटून झाले, आता कशाला. लोक मला काय म्हणतील, वही माझ्याकडे होती, मंडळात मी कुठल्या तोंडाने जाऊ. रडले पण. हे थकलेले होते, गुडघा सुजला होता. बसले परत. म्हणाले, तुला दिसलं नसेल, चूक होते माणसाकडून, पण तू स्वतः जाऊन सांग. मी म्हटलं, सांगते. उद्या सांगते म्हटलं.

त्या उद्याला वर्ष गेलं.

तो कंदील ह्यांनी एकदाही लावला नाही. मी एका संध्याकाळी लावायला गेले तर म्हणाले, राहू दे. पुन्हा सायकलवर बसले नाहीत. महिनाभराने भंगारवाल्याला देऊन टाकली, मी बाजारात गेले होते तेव्हा. परत पायरीवर बसायला लागले, आणि आता ती गल्लीतून गेली की हे मान खाली घालायचे. ज्याच्यासाठी केलं त्यालाच मी असं बसवून ठेवलं.

आणि तिचं काय झालं? नळावर कोणीतरी म्हणालं, "काय शर्यतवाली, आज कुठे थांबलीस?" हसले सगळे. मग ते रोजचंच झालं. उशिरा आली की, आज कुठे थांबलीस. पाणी भरायला वेळ लागला की, मुद्दाम थांबते ही. तिच्या कंपनीत आमच्या वस्तीच्या आणखी दोघी होत्या, त्यांनी तिकडेही नेलं. तिची मुलगी शाळेतून रडत आली एकदा, ते मी माझ्या खिडकीतून बघितलं. तिने सायकल बंद केली. शेअर रिक्षाने जायला लागली, तोंड बाहेरच्या बाजूला करून बसायची. मी समोर आले की मात्र पूर्वीसारखंच म्हणायची, "जयभीम काकू." मीही म्हणायचे. तेवढं म्हणून घरात येऊन बसायचे. जेवण जायचं नाही, आणि ह्यांना सांगायचे की पित्त झालंय.

दिवाळीच्या आधी तिने खोली सोडली. वांगणीला स्वस्तात घरं होत होती, तिथे गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला हात थांबतोय, पण वाटलं.

पुढच्या सव्वीस जानेवारीला शर्यत झाली नाही. रस्त्याचं काम निघालं होतं, ट्रक वाढले होते, परवानगी मिळाली नाही. नुसतं झेंडावंदन आणि सभा. हे पहिल्या रांगेत बसले होते. गार्डबाबा म्हणाले, कोणाला दोन शब्द बोलायचेत का. मी उठले. माईक हातात घेतला आणि म्हटलं, मागच्या वर्षीच्या शर्यतीत माझ्याकडून बघण्यात चूक झाली होती. ती बाई मुद्दाम थांबली नव्हती. आमच्या ह्यांच्या मदतीला थांबली होती. कंदील तिचा होता.

बघण्यात चूक. असं म्हणाले मी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चूक कबूल करायला मोठं मन लागतं, असं गार्डबाबा माईकवर म्हणाले. बायकांनी मला जवळ घेतलं. ज्या बायका तिला टोमणे मारायच्या त्याच म्हणाल्या, जाऊ दे हो काकू, होतं असं, एवढं काय मनाला लावून घेता. आणि जिच्याबद्दल हे चाललं होतं ती वांगणीला होती, तिच्यापर्यंत ह्यातला एक शब्द गेला नाही. घरी जाताना हे माझ्या बाजूने चालत होते. बऱ्याच दिवसांनी माझ्या बाजूने चालले. म्हणाले, "बरं केलंस. तुला दिसलं नव्हतं, त्यात तुझा काय दोष." मी मान हलवली.

त्यानंतर शर्यत कधी झालीच नाही. कंदील आमच्याकडेच राहिला, कपाटावर, कापडात गुंडाळून. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात हे गेले. मला दिसलं नव्हतं असंच समजून गेले.

पुढच्या वर्षी मी वांगणीला गेले. पत्ता कटपीसवाल्याकडून मिळाला, तो तिकडेही गाठोडं घेऊन फिरायचा, आता सायकलवरून मोपेडवर आला होता. निघायच्या आधी मी कंदील काढला. रीतीप्रमाणे घासायला हवा होता. चिंच लावून घासला, पण इतकी वर्षं पडून लोखंड गंजलं होतं, आतली जुनी काजळी चिकट झाली होती. काच मात्र निघाली. हात काळे झाले ते घाईत नीट धुतलेच नाहीत. तशीच पिशवी उचलली आणि गेले.

स्टेशनपासून वीस मिनिटं चालत, शेतांच्या कडेला नवीन बिल्डिंग, तळमजल्याला तिची खोली. दाराशी सायकल होती. त्याच दांड्याची. मला बघून ती थोडी थबकली, मग म्हणाली, या काकू. काका गेल्याचं तिला कळलं होतं. मुलगी कॉलेजला गेली होती. मी आत गेले नाही. उंबऱ्यावर कंदील ठेवला आणि उभ्याउभ्याच बोलायला लागले. एरवी मी एक गोष्ट सांगायला दहा गोष्टी सांगते. त्या दिवशी थेट सांगितलं. म्हटलं, मी लोकांना सांगितलं की माझी बघण्यात चूक झाली. ते खोटं होतं. तुझे हात मी बघितले होते. मला तेव्हाच समजलं होतं.

ती कंदिलाकडे बघत होती.

"मला माहीत आहे, काकू," ती म्हणाली. "पाणी तुम्हीच ओतलंत ना."

मग तिने विचारलं, "काकांना सांगितलंत?"

मी म्हटलं, "नाही."

बाहेर कोणाची तरी बकरी ओरडत होती. मी म्हटलं, कंदील तुझा आहे, तुला द्यायला आणलाय. ती म्हणाली, राहू दे इथे. लावेन की नाही ते आत्ता सांगत नाही. मग तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. म्हणाली, हात धुऊन घ्या, चहा टाकते.

दाराबाहेर बादली होती. तिने तांब्या भरला. मी दोन्ही हात पुढे धरले, विचार न करताच. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने तांब्या माझ्या हातात दिला आणि आत चहा टाकायला गेली.

एका हाताने तांब्या धरला की दुसरा हात नुसता भिजतो. चोळायला दुसरा हात लागतो, आणि त्यात तर तांब्या. मी आधी डावा भिजवला, मग उजवा. तांब्या खाली ठेवून मातीने घासलं, परत उचलला. तांब्याच्या काठाला काळे ठसे लागले ते पुसले. आतून तिचा आवाज आला, काकू, साखर किती? मी म्हटलं, अर्धा चमचा. हात पुरते निघाले नव्हते. तसेच पदराला पुसले आणि आत जाऊन बसले.